बिननावाची ताटली

माय गेली ती चतुर्थीच्या आधी आठवडाभर. पाऊस कोसळत होता. कबरीच्या खड्ड्यात सारखं पाणी भरत होतं आणि ते उपसायला वाडीतले चौघे सकाळपासून बादल्या घेऊन उभे होते. त्यातले दोघे हिंदू. एकाच्या घरी आठवड्याने गणपती यायचा होता. मायला मातीआड केल्यावर तो घरी गेला, विहिरीवर आंघोळ केली आणि मखराच्या काठ्या बांधायला बसला. हे मला खूप नंतर कळलं. त्या दिवशी कोण आलं, कोण गेलं, काहीच डोक्यात शिरत नव्हतं. बादलीतून फेकलेल्या लाल पाण्याचा आवाज तेवढा अजून कानात आहे.

आम्ही ख्रिस्ती, वेंगुर्ल्याजवळच्या एका वाडीत राहतो. घरात कोकणी, बाजारात मालवणी, शाळेत आणि पुस्तकांत मराठी. प्रार्थना यातल्या कुठल्याही भाषेत येते. आजारपणात मात्र ती कोकणीतच येते. आमचे पूर्वज गोव्यातून इकडे आले. कोणी दुष्काळाने, कोणी लढायांमुळे, कोणी जमीन हातची गेली म्हणून, आणि कोणी गोव्यातल्या इन्क्विझिशनच्या, म्हणजे पोर्तुगीजांच्या धर्मन्यायालयाच्या भीतीने. ते १५६० साली सुरू झालं आणि कायमचं बंद व्हायला १८१२ उजाडलं. १७३६ सालच्या त्याच्या एका फर्मानात ख्रिस्ती झालेल्यांच्या घरच्या जुन्या चालीरीतींवर बंदी आहे. अंगणात तुळस लावायचीही मनाई. दयेचा उपदेश करणाऱ्या देवाच्या नावाने हे झालं. मी श्रद्धेने मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला जाणारी बाई आहे, आणि म्हणूनच हे विसरायचं नाही असं मला वाटतं. पळून आलेल्या त्या माणसांना सावंतवाडीच्या मुलखात जागा मिळाली, शेजार मिळाला. दयेविषयी मी पुढे जे लिहिणार आहे त्याची सुरुवात त्या शेजारापासून होते.

डिसेंबर उजाडला तशी मला धास्ती वाटू लागली. आमच्याकडे वर्षाच्या आत घरातलं माणूस गेलेलं असेल तर नाताळाचं गोड करत नाहीत. दारावर तारा टांगत नाहीत. येशूच्या जन्माचा गोठाही आम्ही मांडला नाही. दर वर्षी माय डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात नारळाच्या करवंट्यांत माती भरून नाचणी पेरायची. नाताळापर्यंत तिचं हिरवंगार गवत व्हायचं आणि ते गोठ्याभोवती शेत म्हणून मांडलं जायचं. शेजारच्या काकी घटस्थापनेला रुजवण घालतात ना, तसंच. त्या वर्षी करवंट्या माळ्यावरच राहिल्या. दोदोलाची तांब्याची कढई परसात पालथी पडून होती. तांदळाचं पीठ, नारळाचं दूध आणि माडाचा काळा गूळ त्या कढईत दोन-तीन तास घाटत बसायचं. हात थांबला की बुडाला लागतं, आणि कडेने तेल सुटेपर्यंत उतरवायचं नाही. माय ते एकटी करायची. दंड भरून आले की माझ्या हातात डाव द्यायची, पण नजर काढायची नाही.

एकेका रविवारी वेदीजवळच्या हिरव्या चक्रात एकेक मेणबत्ती वाढत होती. नाताळाआधीच्या आगमनकाळाचे चार रविवार, चार मेणबत्त्या. तिसऱ्या रविवारी जांभळ्याऐवजी गुलाबी, कारण तो आनंदाचा रविवार. मी त्या गुलाबी मेणबत्तीकडे बघायचं टाळलं. पप्पा बघत होते का, ते मला माहीत नाही. माय गेल्यापासून ते फार बोलत नव्हते. भाऊ आखातात, त्याला सुट्टी नव्हती. मी मनाशी ठरवून टाकलं होतं की चोवीस तारखेला लवकर जेवायचं, दिवा मालवायचा आणि झोपायचं. मिस्सा पंचवीसला सकाळी.

चोवीसला संध्याकाळी सहाच्या सुमाराला काकी आल्या. हातात पदराखाली झाकलेलं ताट.

"घी गे चेडवा. जत्रेचा खाजा आसा, नि चार लाडू केलंय. तुझ्या मायच्या हाताची सर माका येवची नाय."

मी म्हटलं, काकी, आमच्याकडे यंदा नाही करत.

"ठावक आसा माका. म्हणान तर हाडलंय. आमच्यात असताच तसा. दुखवट्याच्या घरात दिवाळी शेजाऱ्यान द्यायची. तुमच्यात पण असता मां?"

असतं. मीच विसरले होते. लहानपणापासून पाहिलेलं होतं की ज्या घरात गोड होत नाही, त्या घरी ते बाहेरून येतं. दिवाळीत माय स्वतः अशा घरांत चकल्या-करंज्या घेऊन गेलेली मी पाहिली आहे, आणि नाताळात ताट भरून जाताना तर नेहमीच. पण ते ताट घ्यायच्या बाजूला आपण कधी उभे राहू, हे मनात आलं नव्हतं.

काकी गेल्या आणि तासाभरात ताटांची रांगच लागली. वरच्या वाडीतून नेवऱ्या आल्या. (नेवरी म्हणजे करंजीच. गणपतीला हिंदू घरांत होते, नाताळात आमच्या घरांत होते. एकाच पारीला दोन सण.) कुणी कुलकुल आणले, कुणी हरभऱ्याच्या डाळीचे गोड दोस. तिठ्यावरच्या घरातून एका मुलाने डब्यात रवा-नारळाचा केक आणला आणि डबा हातात देऊन तो धूम पळाला, कारण त्याला आमच्या घरात काय बोलायचं ते माहीत नव्हतं. बंदरावरची एक बाई ताजी सुंगटं, म्हणजे कोळंबी, घेऊन आली. गोड करायला वेळ नव्हता, म्हणाली, आणि सुंगटं स्वतः सोलूनच आणली होती. तिचं आणि मायचं मासळीच्या दरावरून कितीतरी वेळा वाजलं होतं. ती उंबऱ्यात उभी राहून भिंतीवरच्या मायच्या फोटोकडे बघत राहिली, मग टोपली उचलून निघून गेली.

दर वेळी पप्पा खुर्चीतून उठायचे, दारापर्यंत जायचे आणि म्हणायचे, "देव बरें करूं."

कोकणीत आभार मानायचे ते असे. देव तुझं भलं करो. लहानपणापासून हजार वेळा म्हटलेला शब्द, पण त्या रात्री पप्पांच्या तोंडून तो पुन्हा पुन्हा ऐकताना मी पहिल्यांदा थांबून त्याच्याकडे पाहिलं. मराठीत आपण उतराई होतो म्हणतो, म्हणजे कुठेतरी ऋण आहे आणि ते उतरवायचं आहे. कोकणीतल्या या शब्दात फेडीची भाषाच नाही. घेणाऱ्याचे हात रिकामे आहेत हे त्यात आधीच मान्य आहे. मला तुला काही देता येत नाही, म्हणून मी देवाला सांगतो, तो देईल. आभार आणि प्रार्थना एकाच श्वासात होऊन जातात. चार महिने न बोललेला माणूस त्या संध्याकाळी अकरा वेळा प्रार्थना करून गेला. मी ताटं मोजली होती, म्हणून आकडा माहीत आहे.

नाताळात शेजारी पाठवायच्या या ताटाला आजी 'कोंसुआद' म्हणायची. गोव्यात अजून म्हणतात. मंगळूरकडच्या ख्रिस्ती घरांत नाताळच्या फराळाला कुस्वार म्हणतात, ते याच शब्दाचं झिजलेलं रूप मानतात. शब्द पोर्तुगीज. त्यांच्याकडे नाताळच्या आदल्या रात्रीच्या जेवणाला हे नाव आहे. आजीला पोर्तुगीज येत नव्हतं, मलाही येत नाही. पुढे केव्हातरी मी तो शब्द शोधला तेव्हा कळलं की त्याचं मूळ लॅटिनमधल्या ज्या क्रियापदाशी जोडतात त्याचा अर्थ आहे सांत्वन करणे. मी बराच वेळ नुसती बसून राहिले. पिढ्यान् पिढ्या आमच्या बायका पदराखाली सांत्वन झाकून वाडीभर फिरत होत्या आणि त्याला फराळाचं ताट समजत होत्या.

त्या रात्री मी मिस्साला गेले. पप्पांनी काही न बोलता इस्त्रीचा शर्ट घातला, मग मला घरी बसणं शक्य नव्हतं. काळे कपडे घालून मागच्या बाकावर बसलो. 'हे प्रभू, दया कर' म्हणताना माझा आवाज फुटला नाही. मग बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानातलं ते वाचन आलं, रानात रात्री कळप राखणाऱ्या मेंढपाळांचं. ते मला तोंडपाठ आहे. पण त्या वर्षी एकच गोष्ट टोचली. देवदूत निघून गेल्यावर मेंढपाळ म्हणतात, चला, बेथलेहेमपर्यंत जाऊ. आणि ते चालत जातात. रात्रीचे. त्यांना कोणी जायला सांगितलेलंही नसतं, फक्त बातमी दिलेली असते.

त्यानंतर मला लूकच्या पुस्तकात सगळीकडे चालणारी माणसं दिसू लागली. गरोदर मरिया घाईघाईने डोंगराळ मुलखात अलिशिबेकडे जाते. अलिशिबा म्हातारपणी गरोदर राहिलेली, तिला मदत हवी. मरिया तिथे तीन महिने राहते, आणि तिथेच तिच्या तोंडून ते स्तोत्र निघतं ज्यात देवाची दया पिढ्यान् पिढ्या टिकते असं ती म्हणते. ती घरी बसली असती तर ते स्तोत्र झालं असतं का, असा विचार मनात येतो. मग ते दहा कुष्ठरोगी. दहाही बरे होतात, दहाही याजकांकडे निघालेले असतात. त्यातला एक वाट बदलून मागे येतो आणि येशूच्या पायांशी पडतो. तो शोमरोनी, म्हणजे ज्यांना यहुदी आपले मानत नव्हते त्यांतला. येशू विचारतो, बाकीचे नऊ कुठे आहेत? त्या नऊजणांच्या मनात कृतज्ञता नसेल असं मला वाटत नाही. घरी पोचल्यावर बायकामुलांना मिठी मारून ते रडले असतील. त्यांचं राहिलं ते एवढंच, मागे चालत येणं.

मरियेची ती भेट, मेंढपाळांची रात्र आणि या दहाजणांची गोष्ट, तिन्ही एकट्या लूकनेच लिहिल्या आहेत. परंपरा सांगते की तो वैद्य होता. आमच्या वेंगुर्ल्यात त्याच्या नावाचा मिशन दवाखाना आहे, सेंट ल्यूक्स. तो अमेरिकन प्रेस्बिटेरियन, म्हणजे प्रोटेस्टंट, लोकांनी सुरू केलेला, आम्ही कॅथलिक. पण ताप आलेल्या पोराला कडेवर घेऊन तिथे जाताना हा फरक कोणाच्या डोक्यात येत नसे. अशाच एका मिशनरी डॉक्टरच्या घरी १९१९ साली वेंगुर्ल्यात जन्मलेला मुलगा, रॉबर्ट गोहीन, पुढे अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाचा अध्यक्ष झाला आणि १९७७ मध्ये अमेरिकेचा राजदूत म्हणून भारतात आला. पण आजीच्या लेखी त्या दवाखान्याची थोरवी वेगळीच होती. मायचा जन्म तिथला. आजी सांगायची, रात्री बैलगाडीतून नेलं होतं, सोबत काकींच्या सासूबाई होत्या, हातात कंदील धरून गाडीपुढे चालत.

हे चालण्याचं मी काकींशी बोलले तर त्यांना त्यात नवल वाटलं नाही. त्या आरवलीच्या ग्रामदेवाच्या, वेतोबाच्या भक्त. वेतोबा रात्री गावाची राखण करत हिंडतो, त्यात त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून नवस फेडायला त्याला केळ्यांच्या घडाबरोबर भल्यामोठ्या चामड्याच्या चपला वाहतात. माझा विश्वास वेगळा आहे आणि तो मला प्रिय आहे. पण आपल्यासाठी कोणीतरी रात्रीचं चालतं आणि त्याचे तळवे झिजतात, हे ज्या मातीतल्या माणसांना कळलेलं आहे त्यांच्या शेजारी मी वाढले, याबद्दल मी देवाची ऋणी आहे.

दोतोर्न, म्हणजे लहानपणीचे धर्माचे धडे, शिकताना आम्हाला दयेची सात शारीरिक कामं आणि सात आध्यात्मिक कामं पाठ करावी लागत. भुकेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी, उघड्याला वस्त्र... शारीरिक सातांपैकी सहा मत्तयच्या शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायातून आली आहेत. सातवं, मेलेल्याला पुरणं, तिथे नाही. ते तोबितच्या पुस्तकातून आलं. परमुलखात राहणारा तोबित जेवण टाकून उठतो आणि रस्त्यात पडलेलं प्रेत उचलून आणतो, सूर्य मावळल्यावर पुरतो. शेजारी त्याला हसतात. लहानपणी मला हे काम यादीत का आहे ते कळायचं नाही. मेलेल्याला काय कळणार, असं मी मायला विचारलं होतं. ती म्हणाली होती, म्हणूनच. मेलेलं माणूस परत काही देऊ शकत नाही.

आध्यात्मिक सातांत आहे दुःखितांचं सांत्वन. पण मला आता ही दोन पानं वेगळी वाटत नाहीत. त्या पावसात खड्ड्यातलं पाणी उपसणाऱ्यांनी माझ्याशी एक शब्दही सांत्वनाचा बोलला नव्हता. बोलायला आलेल्या काहींनी मात्र दुखवलं. 'देवाची इच्छा', 'सुटली बिचारी', 'आता पप्पांकडे बघ'. त्यांचा हेतू वाईट नव्हता हे मला माहीत आहे. तरी माझी कळकळीची विनंती आहे, ज्या घरी माणूस गेलंय तिथे देवाच्या वतीने बोलू नका. एखादं ताट घेऊन जा. तेही नसेल तर नुसते बसा.

आणि नाताळाच्या दिवसांत दुःख झाकून ठेवायला हवं, असंही समजू नका. चर्चच्या पंचांगात २५ डिसेंबरनंतर लगेच २६ तारखेला दगडांनी ठेचून मारलेला स्तेफन येतो आणि २८ला हेरोदाने मारवलेली बेथलेहेमची बालकं. त्या दिवशीच्या वाचनात राहेल आपल्या लेकरांसाठी रडते आणि कोणाचंही सांत्वन घेत नाही. गोठा अजून मांडलेला असतो, तारा अजून लागलेला असतो, आणि शेजारी ही आई रडत असते. तिला गप्प करायला कोणी पुढे येत नाही. त्या वर्षी २८ तारखेला मी पहिल्यांदा मनसोक्त रडले, चर्चच्या मागच्या बाकावर, आणि पप्पा शेजारी माळ धरून बसून होते.

आता राहिली ती ताटं.

रिकामं भांडं परत करायचं नाही, ही रीत इकडच्या प्रत्येक घरात आहे. काही नसलं तर चिमूटभर साखर, चार आमसुलं, एखादं अंडं, पण भांडं मोकळं जाऊ द्यायचं नाही. माय याबाबतीत फार काटेकोर. २०२१च्या मे महिन्यात तौक्ते वादळाने खांब पाडले आणि आमच्याकडे दिवसचे दिवस वीज नव्हती, तेव्हा तिने ईस्टरच्या उरलेल्या मेणबत्त्या कुणाकुणाच्या वाट्यांत घालून वाट्या परत केल्या होत्या. पण आमच्या घरी आता काही होणारच नव्हतं, तर ताटांत काय घालणार? मी साखर घालायला निघाले. पप्पा म्हणाले, ठेव. वर्ष सरू दे.

मी काकींना सांगितलं. त्या म्हणाल्या, "ताट खंय पळता?"

म्हणून अकरा घरांची भांडी वर्षभर आमच्या फळीवर राहिली. बहुतेकांच्या कडेला टिंबाटिंबांनी कोरलेलं नाव. कुणाच्या लग्नातलं, तारखेसकट. एकावर 'यांच्या स्मरणार्थ' असं कोरलेलं. एक पितळी, घासून घासून अक्षरं पुसट झालेली. रोज चहाचा कप घेताना ती नावं दिसायची. एवढ्या लोकांना आपण देणं लागतो, याचा कधी भार वाटला नाही. उलट काही सकाळी घर त्यांच्यामुळे भरलेलं वाटायचं.

पुढच्या डिसेंबरात मी करवंट्या उतरवून नाचणी पेरली. कढई चिंचेने घासली. दोदोल पहिल्यांदा बुडाला लागलं, कारण मधेच भावाचा फोन आला आणि मी हात थांबवला. दुसऱ्यांदा काकी येऊन बसल्या आणि डाव माझ्या हातात ठेवून नजर मात्र काढली नाही. तेल सुटायला अडीच तास लागले. चोवीसला दुपारी पप्पा आणि मी ताटं भरून निघालो. गुडघा दुखतो म्हणून ते मशेरीला बाजारातही जात नाहीत, पण त्या दिवशी अकराही घरी ते चालत आले. बंदरावरच्या बाईने दोदोल तिथेच तोंडात टाकलं आणि म्हणाली, मायच्यासारखं गोड नाही, पण होईल.

दहा भांडी त्यांच्या घरी पोचली. एका ताटलीवर नाव नव्हतं. साधी स्टीलची, कडेला एक पोचा. त्यात काय आलं होतं तेही आम्हाला दोघांना आठवेना. ती आम्ही ज्या घराची समजत होतो त्यांनी ती आपली नाही म्हणून सांगितलं. आम्ही दहाही घरी विचारलं, वरच्या वाडीत विचारलं, तिठ्यावर विचारलं. कुणाचीच नव्हती. काकी म्हणाल्या, कोणीतरी मुद्दाम बिननावाची पाठवली असेल. पप्पा म्हणाले, ठेव फळीवर.

यंदा ऑक्टोबरात खालच्या वाडीतल्या एका घरचा कर्ता मुलगा गेला. चोवीसला मी त्या घरी दोदोल घेऊन गेले, त्याच ताटलीतून. त्याची बायको पुढच्या पडवीत बसली होती, काळ्या साडीत. नको म्हणाली, आमच्याकडे यंदा नाही. मी म्हटलं, माहीत आहे. मग ती उठली, वड्या आपल्या डब्यात काढून घेतल्या, ताटली धुऊन आणली आणि पुसता पुसता नाव बघायला उलटी केली.

"कोणाची गे ही?"

"राहू दे तुझ्याकडेच," मी म्हटलं, आणि तिच्या शेजारी पडवीत बसले.